सेवाग्रामच्या वॉर्डातली पहिली रात्रपाळी

१९६९ साली सेवाग्रामला सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतली मुलं पहिल्याच वर्षी गावात राहून शिबिर करतात, घरोघर फिरतात. त्यामुळे खेड्यातले आजार त्यांना परके नसतात. तरी इंटर्न म्हणून कस्तुरबा रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डातली पहिली रात्र जड जाते, त्यातही पावसाळ्यात. कपाशी-सोयाबीनच्या निंदण-फवारणीच्या दिवसांत साप चावलेले आणि विषबाधेचे रुग्ण एकाच वेळी येतात.

समजा, ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, म्हणत समुद्रपूरकडून कुणाला आणलं. आधी श्वास, नाडी, रक्तदाब. मग रक्त गोठतंय का, हे बघायचं. शिरेतलं २ मिली ताजं रक्त काचेच्या नव्या, कोरड्या नळीत घ्या आणि २० मिनिटं नळीला हात लावू नका. मग एकदाच तिरपी करा. काचेला लागून रक्ताची गोठण्याची क्रिया सुरू होते. साबणाने धुतलेल्या किंवा प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचंही रक्त पातळ राहू शकतं आणि नसलेलं विष दिसतं. रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाचा संशय धरून रेसिडेंटला लगेच कळवा. सर्पविषावरच्या लसीचा पहिला डोस साधारण १० व्हायलचा, लहान मुलालाही तेवढाच. कारण सापाने विष सोडताना वय पाहिलेलं नसतं. लसीची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ॲड्रिनलिन आधीच हाताशी हवं.

नळीत रक्त गोठलं म्हणून निर्धास्त होऊ नका. मण्यारीच्या दंशात ते गोठतंच. दंश फारसा दुखत नाही, खूणही अनेकदा सापडत नाही. रुग्णाला वर बघायला सांगा, पापण्या झुकतात का पाहा. एका श्वासात किती आकडे मोजता येतात, ते तासातासाला लिहा. आकडा घसरू लागला की व्हेंटिलेटर लागेपर्यंत वाट पाहत बसायचं नाही, रेसिडेंटला कळवायचं.

ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुप्पट करत नेतात, छातीतली घरघर थांबेपर्यंत. बाहुल्या मोठ्या झाल्या एवढ्यावर थांबलात तर फुप्फुसं भरलेलीच राहतात. शुद्धीवर आलेला रुग्णही एक ते चार दिवसांत पुन्हा ढासळू शकतो. उशीवरून मान उचलता येते का, हे प्रत्येक राउंडला बघा.

नव्या माणसाचा सगळ्यात मोठा संकोच रेसिडेंटला उठवण्याचा असतो. माझ्या मते इंटर्नच्या कामातलं पहिलं कौशल्य तेच. नाडी, रक्तदाब, श्वास आणि ऑक्सिजन हे चार आकडे हातात घेऊन फोन करा; आणि रुग्ण गुदमरत असेल तर आकड्यांसाठीही थांबू नका. शंका आली तर सिस्टरना विचारा. त्यांनी असे कितीतरी पावसाळे पाहिलेले असतात. डबा मात्र वॉर्ड शांत असतानाच उरका.

सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना ‘बरा आहे’ एवढं पुरत नाही. एका श्वासातला शेवटचा आकडा काय होता, नळी सहा तासांनी पुन्हा किती वाजता लावायची, कोणती लस किती गेली, हे केसपेपरवर वेळेसकट असावं. दिवसपाळीच्या इंटर्नला पलंगापाशी नेऊन रुग्णाची मान आणि पापण्या एकत्र तपासा. बाहेर व्हरांड्यात रात्रभर बसलेल्या घरच्यांना पुढचे डॉक्टर कोण ते सांगा, मग मेसकडे वळा.