मजकूर कोरा, निरोप पुरा

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपावे आणि उटण्याचा वास अंगावर असतानाच फराळाच्या ताटाकडे वळावे, ही आपली जुनी रीत. हल्ली या दोहोंच्या मध्ये आणखी एक विधी शिरला आहे. अंग पुसून होते न होते तोच हात फोनकडे जातो आणि पाहावे तर काय, चाळीस-पन्नास पणत्या, पंधरा-वीस आकाशकंदील आणि तितक्याच लक्ष्म्या तिथे आपली वाट पाहत तिष्ठत असतात! पाठवणाऱ्याने त्यात पदरचा एक शब्दही घातलेला नसतो. कुणी तरी काढलेली पणती कुणी तरी पाठवली आणि यांनी ती पुढे ढकलली, एवढाच काय तो व्यवहार. "कशाला पाठवतात ही माणसे हे सगळे?" असे पुटपुटत आपण ते सारे पुसून टाकतो आणि चकलीचा तुकडा मोडतो.

मीही याच पंथातला होतो. 'होतो' असे का म्हणतो, ते पुढे ओघाने येईलच.

माझी एक मावशी नाशिकला असते. वय अठ्ठ्याहत्तर. प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षे शिकवून निवृत्त झाली. यजमान वारले, मुलगी परदेशी. घरात ती एकटीच. भाच्याने हौसेने घेऊन दिलेला फोन ती पंधरा दिवसांत शिकली आणि त्या दिवसापासून रोज पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या फोनवर एक गुलाबाचे फूल येऊ लागले. खाली 'शुभ सकाळ'. कधी गुलाब, कधी कमळ, कधी कपबशीतून निघणारी वाफ. पहिले आठ दिवस मी उलट नमस्कार पाठवले. मग कंटाळलो. शेवटी आमच्या हिला न सांगता मावशीच्या निरोपांचा आवाज बंद करून ठेवला. फुले येत राहिली; मला ती ऐकू येईनाशी झाली.

असो. मावशीला घटकाभर नाशिकलाच सोडू आणि जरा मागे जाऊ. निरोपात शब्दच महत्त्वाचे, ही आपली समजूत मुळात किती खरी आहे?

आपल्या घरांत पत्रे येत होती तो काळ आठवा. या देशात पोस्टकार्ड १८७९ साली आले. त्या इवल्याशा कार्डावर मजकूर थोडका. पण न लिहिलेला मजकूर केवढा! लग्नाच्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेले असे. ते दिसले की अक्षर न वाचताही घरातल्या बायका "कुणाचं ग ठरलं?" म्हणून धावत येत. आणि कार्डाचा एक कोपरा फाडलेला दिसला, तर ते घेणाऱ्याचा हातच थबके. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांनाही तो कोपरा वाचता येई. मजकूर मागाहून कुणाकडून तरी वाचून घेतला जाई. बातमी आधीच कळलेली असे.

तारेचे तर विचारूच नका. १८५५ मध्ये तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली आणि २०१३ च्या जुलैमध्ये बंद पडली. दीडशेहून अधिक वर्षे ती चालली, आणि त्या साऱ्या काळात तारवाल्याने दारात नुसते "तार!" म्हटले की घरातल्या माणसांची छाती धडधडू लागे. पाकीट उघडल्यावर आत मुलगा पास झाल्याची बातमी निघाली तरी पहिला धसका बसायचा तो बसलेलाच असे. दर शब्दाला पैसे पडत, म्हणून माणसे शब्द चोरून वापरत. अभिनंदनासाठी आणि सणांच्या शुभेच्छांसाठी तर ठरीव वाक्ये असत आणि त्यांना क्रमांक असत. आपण क्रमांक सांगायचा, वाक्य तारखात्याचे! म्हणजे दुसऱ्याच्या तयार शुभेच्छा पुढे पाठवण्याची चाल आजच्या पोरांनी काढलेली नाही. ती आपल्या आजोबांपासूनची आहे.

मौज अशी, की नवे यंत्र येते ते नेहमी माणसाचे अर्धेच बोलणे घेऊन येते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत पडद्यावर आला, तेव्हा त्यातल्या राजाला डोळे होते, हात होते, अश्रू होते. आवाज तेवढा नव्हता. मधूनमधून येणाऱ्या पाट्या सोडल्या, तर सारी कथा चेहऱ्यांनीच सांगायची. बोलपट यायला १९३१ चा 'आलम आरा' आणि मराठीत १९३२ चा 'अयोध्येचा राजा' उजाडावा लागला. उलट १९२७ साली मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा माणसाचा आवाज तेवढा घरात आला आणि चेहरा बाहेरच राहिला. मग नभोवाणीवरच्या नटाला हसूसुद्धा आवाजातच आणावे लागे आणि दाराची करकर वाजवून पात्र आत आल्याचे सांगावे लागे.

टेलिफोनचेही तसेच. फोनवर बोलणाऱ्या माणसाकडे एकदा दुरून पाहा. तो मान डोलावतो, हातवारे करतो, "इतका मोठा!" म्हणताना दोन्ही हात पसरायला जातो आणि फोन पडता पडता वाचवतो. यांतले पलीकडच्या माणसाला काही म्हणजे काही दिसत नसते. पण हातांना हे सांगणार कोण? आणि एक गंमत करून पाहा. पलीकडचा बोलत असता आपण जे "हं... हं... बरं..." करीत असतो ना, ते अर्धा मिनिट थांबवा. लगेच प्रश्न येईल, "हॅलो, आहेस ना?" त्या 'हं'ला कोशात भले मोठा अर्थ नसेल, पण तो काढून घेतला की संभाषणाचा जीवच जातो.

इथे कुणी विद्वान वाचक म्हणेल, "बरोबर आहे! माणसाच्या संभाषणात शब्दांचा वाटा अवघा सात टक्के असतो, असे शास्त्राने सिद्धच केले आहे." व्याख्यानांतून आणि नोकरीच्या शिबिरांतून हा आकडा इतक्यांदा ऐकवला जातो, की त्याची हकीकत सांगणे भाग आहे. आल्बर्ट मेहराबियन या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर दोन प्रयोग प्रसिद्ध केले. सुटे सुटे शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवायचे, चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवायची आणि बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही, एवढेच ओळखायला सांगायचे, अशा स्वरूपाचे ते प्रयोग. त्यांतून शब्द सात, सूर अडतीस आणि चेहरा पंचावन्न टक्के असा हिशेब निघाला. तो आवडीनिवडीच्या भावनांपुरता आणि त्यातही शब्द एक व सूर दुसरा सांगत असेल तेव्हाचा. खुद्द मेहराबियन यांनीही हा खुलासा केलेला आहे. नाही तर किराण्याची यादी नुसत्या चेहऱ्याने सांगून पाहा, म्हणजे वाण्याच्या दुकानात शब्दांचा वाटा किती ते कळेल!

मात्र भावनेची गोष्ट निघाली की शब्द लंगडे पडतात, हे खरे. 'ठीक आहे' हे दोनच शब्द घ्या. बायकोने हसून म्हटले तर होकार, भांडे आपटून म्हटले तर चार दिवसांचा अबोला. फोनच्या पडद्यावर मात्र दोन्ही 'ठीक आहे' अगदी सारखे दिसतात. ही अडचण संगणक आला तेव्हापासूनची आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग इथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात प्राध्यापक मंडळी संगणकावरून एकमेकांना मजकूर पाठवीत, तेव्हा थट्टेत लिहिलेले कुणाला खरे वाटे आणि वाद पेटे. म्हणून १९८२ च्या सप्टेंबरात स्कॉट फाल्मन यांनी सुचवले, की थट्टेच्या शेवटी विसर्गासारखी दोन टिंबे, एक आडवी रेघ आणि एक कंस काढावा. मान डावीकडे कलती करून पाहिले, की हसरा चेहरा! पुढे १९९९ मध्ये जपानात शिगेताका कुरिता यांनी एका फोन कंपनीसाठी १७६ चिमुकली चित्रे तयार केली. प्रत्येक चित्र बारा ठिपके रुंद, बारा ठिपके उंच. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१६ मध्ये ती आपल्या संग्रहात घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडले ते हसता हसता डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्याचे चित्र. त्यात अक्षर एकही नव्हते!

पण चित्रांनाही आपापल्या मुलखाची बोली असते बरे का! फोनवरचा उभा अंगठा सर्वांच्या परिचयाचा आहे. कुणी तरी "रविवारी येतो" म्हणून कळवतो, आपण अंगठा पाठवतो, म्हणजे मान्य. आता आपली मराठी काय म्हणते पाहा. 'अंगठा दाखवणे' म्हणजे चक्क फसवणे! आणि 'अंगठाबहाद्दर' म्हणजे ज्याला सहीसुद्धा येत नाही तो. ज्या अंगठ्याला आपल्या पूर्वजांनी इतके बदनाम केले, तोच आज घरोघर होकाराचा धनी होऊन बसला आहे. आणि तरुण मंडळी म्हणतात, की नुसता अंगठा पाठवणे हे तुटक उत्तर झाले. म्हणजे पुन्हा भांडण आहेच!

शब्दही नकोत, चित्रही नको, असा एक निरोप आपल्याकडच्या लोकांनी काढला. त्याचे मला फार कौतुक वाटते. आपल्या देशात मोबाईल फोन १९९५ साली आला. मिनिटामिनिटाला पैसे तोडून घेत. २००३ पर्यंत तर आलेला फोन घेणाऱ्यालाही भुर्दंड पडे. तेव्हा मुलगी हॉस्टेलवर पोचली, की घंटा एकदा वाजवून फोन बंद करी. आई स्वयंपाकघरातूनच म्हणे, "उचलू नका हो! पोचली ती." एक पैसा खर्च नाही, एक शब्द नाही, आणि आईचा जीव भांड्यात!

मालिनोव्स्की नावाचे एक थोर मानववंशशास्त्रज्ञ होऊन गेले. पॅसिफिक महासागरातील बेटांवर राहून त्यांनी तिथल्या लोकांचे जीवन अभ्यासले. १९२३ साली एका निबंधात त्यांनी असे दाखवून दिले, की माणसे पुष्कळदा काही सांगण्यासाठी बोलतच नाहीत. एकमेकांशी नाते राखण्यासाठी बोलतात. आपल्याला हे कळायला बेटावर जायला नको. शेजारचे अण्णा सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडले, की आपण विचारतो, "काय अण्णा, बाजारात का?" पिशवी तर दिसतेच आहे! अण्णाही म्हणतात, "हो, जरा बाजारात." माहितीची देवघेव शून्य. पण चार दिवस अण्णांना कुणी असे विचारले नाही, तर ते घरी जाऊन म्हणतील, "आपलं काही चुकलं का ग?"

आता नाशिकला जाऊ.

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. सकाळी नवाच्या सुमारास मी कचेरीत पोचतो तोच मावशीच्या शेजाऱ्यांचा फोन आला. मावशी पहाटे न्हाणीघरात घसरून पडली होती. मांडीचे हाड मोडले होते. तिला रुग्णालयात पोचवून शस्त्रक्रियेची तयारी चालली होती. मी तसाच निघालो. गाडीत बसल्यावर मनात आले, फोन बाहेर राहिला, दाराला आतून कडी, आणि ही आत पडलेली. मग कळले कसे कुणाला?

ते कळले गुलाबामुळे. मावशीच्या बरोबरच्या नऊ निवृत्त शिक्षिका, कुणी सांगलीला, कुणी ठाण्याला, कुणी साताऱ्याला. बहुतेकजणी एकट्या. त्यांनी आपसात एक नियम ठरवला होता. रोज सकाळी प्रत्येकीने एक फूल पाठवायचे. सातपर्यंत जिचे फूल येणार नाही, तिला फोन करायचा. तिने उचलला नाही तर तिच्या शेजाऱ्यांना. त्या दिवशी सात वाजता आठच फुले होती. सांगलीच्या बाईंनी फोन लावला, उत्तर नाही. त्यांनी लगेच नाशिकच्या शेजाऱ्यांना उठवले. साडेसातला कडी तोडून दार उघडले होते. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत तशाच पडून राहिल्या असत्या तर कठीण होते.

गाडीत मी मावशीचे निरोप उघडले. न पाहिलेली दोनशे तेरा फुले. शेवटचे आदल्या दिवशीचे कमळ. त्या दिवशीची जागा रिकामी होती आणि ती रिकामी आहे हे मला कळण्याचा काही मार्ग मीच ठेवला नव्हता.

संध्याकाळी मावशी शुद्धीवर आली. मी म्हणालो, "मावशी, तुमच्यात असा नियम आहे हे मला कधी बोलली नाहीस!"

ती क्षीण हसली. "अरे, तुला रोज पाठवत होते की."

मी खाली पाहिले. माझी अवस्था तिच्या ध्यानात आली असावी. मला वाईट वाटू नये म्हणून तीच पुढे बोलू लागली. "शाळेत मी रोज हजेरी घेत असे. पोरं 'हजर, हजर' म्हणत. त्या 'हजर'ला काय मोठा अर्थ असतो? कानावरून जातो. पण एखादं पोर म्हणालं नाही ना, की पाटीवरनं मान वर होते."

वर्ष झाले या गोष्टीला. मावशी आता काठी घेऊन हिंडते. तिच्या निरोपांचा आवाज मी पुन्हा सुरू केला आहे. सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजतो, माझी झोपमोड होते, आमची ही कूस बदलून विचारते, "आलं का फूल?" मी "हो" म्हणतो आणि मग आम्ही दोघेही पुन्हा निजतो. फूल कसले होते ते उठल्यावर पाहतो.

यंदाच्या दिवाळीतही त्या पणत्या येतील. बहुतेक साऱ्या एकसारख्या असतील. त्या पुसून टाकायला माझी हरकत नाही. तेल थोडेच सांडणार आहे! फक्त पुसण्यापूर्वी एकदा पाठवणाऱ्यांची नावे वाचा. आणि गेल्या वर्षी ज्यांची पणती आली होती आणि यंदा आली नाही, असे एखादे नाव आठवले, तर चकली हातातून खाली ठेवून त्यांना फोन लावा.