पंधरा कोसांच्या आत

श्रोतेहो, सरकारी नोकरीत शिरताना ज्या अनेक कागदांवर सह्या कराव्या लागतात, त्यांत एक कागद आपले स्वग्राम घोषित करण्याचा असतो. रजा प्रवास सवलतीसाठी त्याची गरज पडते. केंद्र सरकारचा कर्मचारी चार वर्षांच्या गटात दोनदा स्वग्रामी, किंवा एकदा स्वग्रामी आणि एकदा भारतात अन्यत्र कोठेही सहकुटुंब जाऊ शकतो. मीही अठरा वर्षांपूर्वी त्या रकान्यात रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहान खेड्याचे नाव लिहिले. तेथे आमचे घर आहे, चार कलमे आहेत, आणि माझी आई आहे. पुढे माझ्या पाच बदल्या झाल्या. मुलगी एका शहरात जन्मली, मुलगा दुसऱ्या. आणि आता आम्ही भोपाळला राहतो. कागदावरचे स्वग्राम मात्र तेच राहिले.

दोन वर्षांपूर्वी मुलीला शाळेतून 'माझे गाव' या विषयावर दहा ओळी लिहून आणावयास सांगितले. ती तेव्हा सात वर्षांची होती. वही घेऊन ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "बाबा, आपलं गाव कोणतं?" मी मोठ्या अभिमानाने कोकणातले नाव सांगितले. ती थोडा वेळ विचारात पडली आणि म्हणाली, "म्हणजे जिथे जाताना मला उलट्या झाल्या होत्या, ते?"

त्या प्रश्नाने मी वरमलो. ती ज्या प्रवासाबद्दल बोलत होती, तो सर्वस्वी माझ्या हट्टाचा होता. आधीच्या वर्षी मे महिन्यात मी हजारांहून अधिक किलोमीटरांचे अंतर दोन दिवसांत मोटारीने कापण्याचे ठरवले होते. इंदूर, धुळे, नाशिक अशी गावे मागे पडत होती आणि मी घड्याळाकडे पाहत होतो. मुलीला मळमळू लागले, तेव्हा मी "आता थोडंच राहिलं" असे म्हणालो. वस्तुतः त्या वेळी सहाशे किलोमीटर राहिले होते. धाकटा रडला, त्याला मी रागे भरलो. घरी पोहोचलो तेव्हा आजी अंगणात दिवा घेऊन उभी होती, आणि दोन्ही मुले तिच्याकडे न पाहताच झोपी गेली. आठवडाभरात आम्ही परत फिरलो. त्या साऱ्या प्रवासातले मुलाला आज काय आठवते, म्हणाल तर धुळ्याजवळच्या एका ढाब्यावर बांधलेली शेळी.

त्या दहा ओळी मीच सांगितल्या आणि मुलीने निमूटपणे उतरवून घेतल्या. परंतु तेव्हापासून एक विचार मनात घर करून बसला. गाव वारशाने सांगता येते, पण ते मुलाचे होते ते त्याच्या पायांनी. जेथे ते पुन्हा पुन्हा जाते, जेथला दगड त्याच्या ओळखीचा होतो, ते त्याचे गाव. आणि लहान मुलाला पुन्हा पुन्हा जाता येईल असे ठिकाण हजार किलोमीटरांवर असून भागत नाही; ते घराजवळच असावे लागते. म्हणून आम्ही घरात एक नियम केला: धाकटा मुलगा शाळेत रुळेपर्यंत सुट्टीच्या दिवशी पंधरा कोसांच्या आत, म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटरांच्या आत जायचे. अंधार पडण्यापूर्वी घरी परतायचे. आणि एका दिवशी एकच ठिकाण पाहायचे.

या नियमामागची कारणे थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती कोणत्याही गावी राहणाऱ्या आईबापांच्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट मळमळण्याची. मोठ्यांना वाटते की मूल नाजूक आहे, किंवा त्याने सकाळी काही भलतेसलते खाल्ले असेल. खरे कारण निराळे आहे. आपल्या कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल आणि गती जाणणारे इंद्रिय असते. मोटार वळते, उसळते, थांबते, ते सारे या इंद्रियाला कळते. मुलाचे डोळे मात्र समोरच्या आसनाच्या पाठीवर किंवा हातातल्या मोबाइलवर खिळलेले असतात, आणि ते मेंदूला सांगतात की सर्व काही स्थिर आहे. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही आणि पोटात ढवळू लागते. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना हा त्रास क्वचितच होतो. त्यानंतर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांत तो पुष्कळ आढळतो. उपायही त्या कारणातूनच निघतो. मुलाला पुढे, दूरवर पाहू द्यावे. क्षितिजावरची टेकडी, येणारा पूल, झाडावरचे घरटे दाखवावे. गाडीत पुस्तक किंवा पडदा हाती देऊ नये. खिडकीतून वारा येऊ द्यावा, पोट रिकामे नसावे आणि तुडुंबही नसावे. तासाभराने गाडी थांबवून मुलांना दहा मिनिटे जमिनीवर धावू द्यावे. पन्नास किलोमीटरांच्या प्रवासात असा एकच थांबा पुरतो.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. आपल्याकडे आई पुढच्या आसनावर बसते आणि मूल तिच्या मांडीवर असते. मायेची ती जागा मोटारीत मात्र सर्वांत धोक्याची आहे. गाडी अचानक थांबते तेव्हा आतली प्रत्येक वस्तू आधीच्याच वेगाने पुढे जात राहते. त्या क्षणी बारा किलोचे मूल हातांना कित्येक पटींनी जड होते, आणि कोणाही आईचे हात ते धरून ठेवू शकत नाहीत. म्हणून मुलांची जागा मागच्या आसनावर, पट्ट्यात किंवा त्यांच्या मापाच्या खास आसनात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाला असे न बसवल्यास एक हजार रुपये दंड आहे. स्कूटरवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला नेताना त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण, अंगाभोवती चालकाला जोडणारा पट्टा, आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरांच्या आत, असाही नियम आहे. दंडाचे भय कोणाला असो वा नसो; आमचा धाकटा पहिल्या दिवशी पट्ट्यासाठी दहा मिनिटे रडला. गाडी जागची हलली नाही, तेव्हा तो गप्प झाला. तेव्हापासून तोच मला विचारतो, "बाबा, तुम्ही पट्टा लावलात का?"

तिसरी गोष्ट ऊन आणि अन्न यांची. भोपाळकडे सहलींचा खरा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात खडक तापतात आणि उभी केलेली मोटार थोड्याच वेळात भट्टी होते. तिच्यात मुलाला पाच मिनिटेही एकटे ठेवू नये. खाण्यासाठी मी कोणताही शोध लावलेला नाही. आमच्या आजीच्या पिढीने दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, कोरडी चटणी आणि गूळ हे जे प्रवासाचे अन्न ठरवले होते, त्याहून सोयीचे मला काही सापडले नाही. त्याला पाण्याची भरलेली सुरई जोडली, की शिदोरी पुरी झाली.

आता ठिकाणांविषयी. भोपाळपासून सुमारे अठ्ठावीस किलोमीटरांवर, बेतवा नदीच्या काठी भोजपूरचे शिवमंदिर आहे. अकराव्या शतकातील परमार राजा भोज याने ते उभारावयास घेतले, असे मानतात. ते पुरे कधीच झाले नाही. आतले शिवलिंग माणसाहून उंच आहे. परंतु आमच्या मुलांना ओढ लागली ती बाहेरच्या खडकांची. मंदिराभोवतीच्या सपाट कातळांवर कारागिरांनी खांबांचे, शिखरांचे आणि तळाचे आराखडे कोरून ठेवले आहेत. प्रचंड शिळा वर चढवण्यासाठी घातलेला मातीचा चढही मागच्या बाजूस दिसतो. "म्हणजे हे त्यांचं कच्चं काम!" मुलगी म्हणाली. शाळेच्या वहीतले कच्चे काम तिला ठाऊक होते. एका राजालाही आधी कच्चे काम करावे लागते, हे कळल्याने तिला फार बरे वाटलेले दिसले.

दुसरे ठिकाण सांची. तेथे जाताना रस्त्यात कर्कवृत्त ओलांडावे लागते, आणि ती जागा रस्त्यावर दाखवलेली आहे. गाडी बाजूला नीट उभी करून आम्ही खाली उतरलो. मुलाने विचारले, "ही रेघ पूर्ण जगाला आहे?" मी होय म्हणालो, आणि एकवीस जूनच्या सुमारास येथे भर माध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली लपते, असे सांगितले. त्याने लगेच स्वतःची सावली पाहिली. ती डिसेंबरातली, लांबलचक होती. "म्हणजे जूनमध्ये परत यायला हवं," असे त्याने ठरवूनही टाकले. सांचीच्या तोरणांवर हत्ती, घोडे, मोर कोरलेले आहेत. त्या दिवशी आम्ही स्तूपाचा इतिहास सांगितला नाही. मुलांनी फक्त हत्ती मोजले. दोघांच्या संख्या जुळल्या नाहीत, म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा जावे लागले. इतिहासाची ओळख दुसऱ्या भेटीत आपोआप झाली, कारण हत्ती कोणी कोरले हा प्रश्न त्यांनीच विचारला.

तिसरे ठिकाण भीमबेटका. भोपाळच्या दक्षिणेस सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर, विंध्य पर्वताच्या कडेला हे खडकांचे आश्रय आहेत. त्यांचा शोध लावणारा माणूस मराठी होता, याचा आपल्याला पुरेसा परिचय नसतो. उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर हे स्वतः चित्रकार आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक. १९५७ साली आगगाडीने भोपाळकडे जात असता खिडकीतून त्यांना दूरवर खडकांची एक विलक्षण रांग दिसली. युरोपात ज्या गुहांत प्राचीन चित्रे सापडली, तेथल्या खडकांशी तिचे साम्य त्यांना वाटले. ते तेथे गेले, आणि हजारो वर्षांपूर्वी माणसाने रंगवलेली हरणे, गवे, घोडेस्वार आणि नाचणाऱ्या माणसांच्या रांगा त्यांनी जगासमोर आणल्या. त्यांतील सर्वांत जुनी चित्रे मध्याश्मयुगातील मानतात. १९७५ साली वाकणकरांना पद्मश्री मिळाली. २००३ साली युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारशात घेतले.

त्या मार्गाने त्यांच्या आधी किती माणसे गेली असतील, याचा विचार करा. खिडकी सर्वांनाच होती. मुलांना ही गोष्ट सांगितल्यापासून गाडीत "अजून किती राहिलं?" हा प्रश्न पुष्कळ कमी झाला, कारण दोघेही खिडकीतून खडक शोधू लागले. आणि मळमळीवरचा उपायही तोच होता, हे माझ्या नंतर ध्यानात आले.

श्रोतेहो, आपण भोपाळला राहत नसाल. पण नागपूरला रामटेक आहे, बडोद्याला पावागड आणि चांपानेर आहे. बदलीची नोकरी असो वा व्यापार, मराठी माणूस आज भारतभर विखुरलेला आहे, आणि त्याच्या मुलांना "तुमचं गाव कोणतं?" हा प्रश्न केव्हातरी कोणीतरी विचारणारच. मोटार नसेल तर बस आहे, पॅसेंजर गाडी आहे. लागते ती एका दिवसाची सवड, आणि तो दिवस मुलाच्या पावलाने चालण्याची तयारी. ते मुंग्यांच्या रांगेपाशी अर्धा तास बसले, तर आपणही बसावे. देऊळ नऊशे वर्षे अपुरे राहिले आहे; आपल्याला अर्धा तास उशीर झाला तर त्याचे काही बिघडत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी आई कोकणातून भोपाळला आली. आम्ही तिला भोजपूरला नेले. मी देवळाची माहिती सांगण्याच्या तयारीत होतो, परंतु मुलीने आजीचा हात धरला आणि तिला थेट कातळापाशी नेले. "आजी, तू इथे बस," ती म्हणाली, "इथून रेघा नीट दिसतात. दुपारी नाही दिसत, आत्ताच दिसतात." आई बसली. दोन्ही नातवंडे तिला एकेक रेघ बोटाने दाखवू लागली. पाहुण्याला आपले घर दाखवताना माणसाच्या आवाजात जी एक ऐट येते, ती मी त्या दोघांच्या आवाजात प्रथमच ऐकली.

घोषित केलेले स्वग्राम बदलण्याची मुभा साऱ्या सेवेत एकदाच, तीही विशेष कारण असेल तरच मिळते. मला ती घ्यावयाची नाही. कागदावर कोकणातले गाव तसेच राहील, आणि पुढच्या वेळी आम्ही तेथे आगगाडीने, वाटेत मुक्काम करीत, पंधरा दिवसांची रजा काढून जाणार आहोत. मुलीने आताच विचारून ठेवले आहे, "बाबा, आजीच्या घरापासून पंधरा कोसांच्या आत काय काय आहे?"