कोविडची बदलती लक्षणे आणि आपल्या घरातील वडीलधारी

दर हिवाळ्यात मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम झाला की आठवड्याभरात दोन-चार घरांतून खोकल्याचे आवाज येऊ लागतात आणि फोनवर एकच प्रश्न विचारला जातो, "नवा व्हेरियंट आलाय म्हणे, ह्याची लक्षणं काय?" मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. पण आमच्याकडे भारतातून वडीलधाऱ्यांचे येणे-जाणे सतत चालू असते, त्यामुळे ह्या विषयावर बरेच वाचले, ओळखीच्या डॉक्टरांना भंडावून सोडले. त्यातून जे समजले ते इथे मांडतो आहे. औषधोपचाराचा निर्णय अर्थातच आपापल्या डॉक्टरांना विचारून घ्यावा.

व्हेरियंट म्हणजे काय हे आमच्या धंद्याच्या भाषेत सांगणे सोपे आहे. मोठ्या प्रोग्रॅमच्या हाताने लाखो नकला काढल्या तर कुठेतरी अक्षर चुकणारच. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, काहींनी प्रोग्रॅम चालतच नाही, पण एखादी चूक अशी निघते की ती नक्कल मूळ प्रतीपेक्षा जोरात पसरते. अशा महत्त्वाच्या नकलांना जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी अल्फा, बीटा अशी ग्रीक अक्षरांची नावे दिली. गंमत म्हणजे अल्फाचा आणि पुढे सुरुवातीच्या ओमिक्रॉनचा सुगावा चाचणीतल्या एका 'बिघाडा'मुळे लागत असे. काही पीसीआर चाचण्या विषाणूचे तीन भाग शोधतात. ह्या प्रकारांत दोनच सापडत, तिसरा हुकत असे, आणि तो हुकणे हीच खूण ठरली! एरवी इस्पितळातली नेहमीची चाचणी फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगते. कुठला प्रकार आहे ते नंतर प्रयोगशाळेत ठरते, आणि खाटेवरच्या रुग्णाचे उपचार सहसा त्या नावावर अवलंबून नसतात.

लक्षणे मात्र खरोखर बदलत गेली. २०२० साली ताप, कोरडा खोकला, अंगदुखी आणि वास-चव जाणे ही ठरलेली ओळख होती. साधारण आठवड्याने, आता बरे वाटू लागले असे म्हणता म्हणता, काही जणांना धाप लागे. काहींना तर तीही लागत नसे. रक्तातला प्राणवायू घसरलेला असूनही माणूस गप्पा मारत बसलेला, हे पाहून डॉक्टरही चक्रावले होते. मग डेल्टा आला. त्याच्या कुळातल्या विषाणूंचे प्रमाण महाराष्ट्रातील नमुन्यांत वाढत असल्याचे भारत सरकारने मार्च २०२१ मध्ये जाहीर केले होते. त्या लाटेत आपल्यापैकी किती घरांनी काय सोसले ते वेगळे सांगायला नको. मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा ह्या जोडीमुळे भारतात काळ्या बुरशीचे ४० हजारांहून अधिक रुग्ण झाले. चेहऱ्याची एक बाजू सुजणे, नाकातून काळपट स्राव, एकाचे दोन दिसणे ही तिची लक्षणे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून ओमिक्रॉनची खबर आली आणि चित्र पालटले. मुक्काम फुप्फुसांपेक्षा घशात आणि नाकात अधिक. ब्रिटनमध्ये लस घेतलेल्या लोकांच्या मोठ्या पाहणीत डेल्टाच्या काळात सुमारे ५३ टक्के लोकांचा वास गेला होता, ओमिक्रॉनच्या काळात फक्त १७ टक्के. घसा दुखणाऱ्यांचे प्रमाण मात्र ६१ वरून ७१ टक्क्यांवर गेले. लहान मुलांत भुंकल्यासारखा खोकला दिसू लागला. २०२५ मध्ये 'घशात ब्लेड फिरवल्यासारखे दुखते' अशी वर्णने वर्तमानपत्रांत झळकली, पण मला त्यात नवे फारसे दिसत नाही. घसा आधीच्या ओमिक्रॉननेही दुखतच होता.

आता मुद्द्याची गोष्ट. वरच्या पाहणीसारखे आकडे बहुतांशी घरी बसून बऱ्या होणाऱ्या माणसांचे असतात. इस्पितळात पोचणारा रुग्ण वेगळा असतो. ओमिक्रॉनपासून तो बहुधा वयस्क असतो, आणि पुष्कळदा त्याचा जुनाच आजार उफाळलेला असतो: साखर आवरत नाही, हृदय थकते, दमा वाढतो. शिवाय ह्या वयात ताप येईलच असे नाही. अमेरिकेतील सात इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या, कोविड झालेल्या ८१७ वृद्धांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील २८ टक्के रुग्ण भ्रमिष्टावस्थेत होते, आणि अशा भ्रमिष्टांपैकी ३७ टक्के जणांना ताप, धाप असे नेहमीचे काहीच नव्हते. आपल्याकडे 'वात झाल्यासारखे बरळतात' म्हणतात, ते हेच. काही जण तर बरळतही नाहीत. नुसते गप्प होतात, झोपून राहतात, जेवत नाहीत, तोल जाऊन पडतात.

२०२४ च्या जानेवारीत माझ्या सासूबाई आमच्याकडे होत्या, वय ७४. ताप नाही, खोकला नाही. दोन दिवस चहा तसाच टाकला, तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोला मावशीच्या नावाने हाक मारली आणि आमच्या स्वयंपाकघरात सांगलीच्या घरातली फडताळे शोधू लागल्या. बोटाला यंत्र लावले तर प्राणवायू ९१. तातडीच्या विभागात मात्र पहिला प्रश्न तापाचा! नाही म्हटल्यावर बाकावर बसवून ठेवले. बायकोने हट्टाने सांगितले, "परवापर्यंत आई शब्दकोडं सोडवत होती," तेव्हा चक्रे फिरली. चाचणी निघाली कोविडची. पाच दिवसांनी त्या घरी आल्या, पण पूर्ववत व्हायला महिना गेला. एरवी माणूस कसा असतो हे डॉक्टरला ठाऊक नसते, ते घरच्यांनीच सांगावे लागते. गोंधळलेल्या माणसाला इंग्रजीही आठवेनासे होते. अशा वेळी फुकट दुभाषा मागण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि तो बहुधा फोनवर मिळतो.

प्राणवायू मोजण्याच्या यंत्राबद्दल एक सावधगिरी. २०२० च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात, यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात प्राणवायू ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के निघाले. २०२२ च्या एका अभ्यासात कोविड झालेल्या आशियाई रुग्णांतही यंत्राचा आकडा फुगलेला आढळला. म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये. माणूस ठणठणीत असताना त्याचा नेहमीचा आकडा लिहून ठेवावा, आणि चालल्यावर तो तीन-चार अंकांनी उतरला किंवा ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना फोन करावा. गोंधळ किंवा धाप असेल तर आकडा चांगला आहे म्हणून थांबू नये.

वेळेलाही महत्त्व आहे. पॅक्सलोविडच्या गोळ्या लक्षणे दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांशी त्यांचे जमत नाही, म्हणून आधी विचारणे जरूर. उलट स्टेरॉइड घरच्या घरी सुरू करण्याचे औषध नव्हे. ब्रिटनमधल्या २०२० च्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोनने प्राणवायू लावावा लागलेल्यांचे जीव वाचवले, ज्यांना तो लागत नव्हता त्यांना काही फायदा झाला नाही. भारतातल्या ओळखीच्या डॉक्टरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिले तरी इथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पैशांचे थोडक्यात. आईवडिलांचा प्रवासी विमा घेताना हप्ता किती ह्यापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. कोविड इतर नव्या आजारांसारखा धरला आहे का, आणि मधुमेह-रक्तदाब हे जुने आजार उफाळले तर कंपनी किती देते. प्रत्येक बाबीला ठरावीक रक्कम देणारी पॉलिसी स्वस्त असते, पण इथल्या इस्पितळाच्या बिलापुढे ती रक्कम चिमूटभर ठरते. विमा नसला तरी तातडीच्या विभागाला रुग्ण तपासावाच लागतो, १९८६ पासून तसा कायदा आहे. बिल मात्र नंतर येतेच.

आणि त्यांच्या औषधांची यादी मूळ नावांनी करून ठेवावी. इकोस्प्रिन म्हटले तर इथे कुणाला कळणार नाही, ॲस्पिरिन म्हटले की कळते. बॅगेत क्रोसिन असते आणि आपण वर टायलेनॉल देतो. दोन्ही एकच औषध, तेव्हा मात्रा दुप्पट होते. ही यादी शीतगृहाच्या, म्हणजे फ्रिजच्या, दारावर लावलेली बरी, कारण ऐन वेळी ती शोधायला कुणाला सुचत नाही.