लेथ टेपर कापतोय? बेडला दोष देण्याआधी पाय तपासा

घरच्या वर्कशॉपवर बोलायला लागल्यापासून एक प्रश्न सारखा येतो: "जुना लेथ घेतलाय, पण तो टेपर कापतो. बेड गेला का?" या भागात त्याचंच उत्तर आहे. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून हा लेखी मजकूर.

आधी हे महत्त्वाचं का, ते सांगतो. भोसरी-चिंचवडच्या छोट्या युनिट्समध्ये सीएनसी आले आणि हाताने चालवायचे लेथ कोपऱ्यात गेले. त्यातले कितीतरी दणकट आहेत. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू केली. तिथले लेथ आजही जुन्या वर्कशॉपमध्ये दिसतात. अशा मशीनला "बेड झिजलाय" हा शिक्का बसला की दोनच वाटा उरतात. एक, बेड ग्राइंडिंगला पाठवायचा, म्हणजे मशीन सगळं उघडायचं, टेम्पो, क्रेन आणि भरपूर पैसे. दुसरी, किलोच्या भावाने भंगार. निदान चुकलं तर चांगलं मशीन कायमचं जातं. म्हणून कुठलाही स्क्रू फिरवायच्या आधी मोजायचं.

आता टेपर म्हणजे काय? दांडा चकमध्ये धरला, टेलस्टॉकचा आधार न देता कापला, आणि चकजवळ व्यास ३६.०० मिमी, बाहेरच्या टोकाला ३६.०६. म्हणजे टूल चकपासून टोकाकडे जाताना दांड्यापासून ०.०३ मिमी लांब गेलं. व्यासात फरक दुप्पट दिसतो, हे लक्षात ठेवा.

टूल लांब जाण्याची कारणं अनेक असू शकतात, पण सगळ्यांचा परिणाम सारखा नसतो. इथे थोडं गणित करू. समजा बेड झिजून टूल ०.१ मिमी खाली उतरलं, आणि आपण २० मिमी व्यासाचा दांडा कापतोय. टूल सेंटरच्या उंचीवरून सरळ खाली गेलं तर व्यास वाढतो फक्त ०.००१ मिमी, म्हणजे एक मायक्रॉन. घरातल्या मायक्रोमीटरवर तो दिसणारही नाही. तेच टूल ०.१ मिमी आडवं, म्हणजे तुमच्या बाजूला सरकलं, तर व्यास ०.२ मिमीने वाढतो. दोनशे पट!

म्हणजे उभी झीज बऱ्याच अंशी माफ, आडवी चूक मात्र पूर्ण वसूल. आणि आडवी चूक सगळ्यात सहज येते ती बेडला पीळ पडल्यामुळे. लेथचा बेड दिसतो जाडजूड, पण चार पायांवर बोल्ट आवळताना एक पाय थोडा अधांतरी असेल तर अख्खा बेड ओल्या टॉवेलसारखा पिळला जातो. अगदी थोडाच, पण टूल बेडच्या वर बऱ्याच उंचीवर असतं, त्यामुळे तेवढा पीळही टूलच्या टोकाला आडवा दिसतो. एक अपवाद: बेडची पुढची व्ही मागच्या पट्टीपेक्षा जास्त झिजली असेल तर कॅरेज आपल्याकडे कलतं, आणि मग झीजसुद्धा आडवी चूक देते. त्यामुळे दोन्हीत फरक ओळखता आला पाहिजे. त्यासाठी एक चाचणी आहे.

साधारण ४० मिमी जाडीचा माइल्ड स्टीलचा दांडा घ्या. चकबाहेर १६० मिमीपर्यंतच ठेवा. व्यासाच्या चौपटीहून जास्त बाहेर काढलात तर दांडा स्वतःच वाकून खोटी माहिती देतो. त्यावर तीन कॉलर, म्हणजे तीन उंच पट्टे ठेवा: चकजवळ, मध्ये आणि टोकाला, समान अंतरावर. मधला भाग कापून थोडा खाली न्या. मग धारदार टूल, बारीक फीड आणि अगदी हलका कट घेऊन तिन्ही कॉलर एकाच चालीत कापा. क्रॉस-स्लाइडला मध्ये हात लावायचा नाही. मशीन बंद करा, चक थांबू द्या, मगच मायक्रोमीटर लावा. फिरत्या कामावर माप घेऊ नका. लेथवर काम करताना हातमोजे नकोत आणि सैल बाह्या दुमडून घ्या, हे इथेही लागू.

आता आकडे वाचा. ३६.००, ३६.०३, ३६.०६ असे एकसारखे वाढत असतील तर पीळ किंवा हेडस्टॉकची दिशा यावर संशय घ्यायचा. ३६.००, ३६.०४, ३६.०४ असे असतील, म्हणजे फरक एकाच ठिकाणी साचला असेल, तर झीज असण्याची शक्यता जास्त. झीज बहुतेक चकजवळ असते, कारण कॅरेजचं आयुष्य तिथेच जातं.

माझा लेथ एका बंद होत असलेल्या युनिटमधून आला. पाहणाऱ्या दोघातिघांनी बेड ग्राइंडिंगचा सल्ला दिला होता. चाचणीत वरचे पहिले आकडे मिळाले, अगदी सरळ रेषेत. मग पाय पाहिले. फरशीवर तिसऱ्या पायाखाली फीलर गेज सहज सरकत होता, आणि बोल्ट मात्र करकचून आवळलेला!

दुरुस्ती अशी करायची. चारही बोल्ट ढिले करा आणि कुठला पाय उचललेला राहतो ते बघा. तिथे पॅकिंग घाला. मग स्पिरिट लेव्हल बेडवर आडवी ठेवून हेडस्टॉकजवळ आणि टेलस्टॉकजवळ वाचा. साधी सुताराची लेव्हल इथे पुरत नाही, मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी लागते, ओळखीच्या टूलरूममधून एक दिवसासाठी मिळाली तरी काम होतं. बेड जमिनीला समांतर असायलाच हवा असं काही नाही. जहाजावरच्या वर्कशॉपमध्येही लेथ चालतातच. दोन्ही टोकांना वाचन एकच आलं पाहिजे, म्हणजे पीळ नाही.

नंतर परत तीन कॉलरचा कट. टोकाचा कॉलर अजूनही मोठा असेल तर टेलस्टॉकच्या बाजूचा, तुमच्याकडचा पाय थोडा वर घ्या. लहान असेल तर तोच पाय खाली. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर नवीन कट. कोड डीबग करताना दोन गोष्टी एकदम बदलल्या की कुठली लागू पडली ते कळत नाही, इथेही तसंच आहे. माझ्याकडे एकूण सुमारे ०.२ मिमीचं पॅकिंग लागलं, आणि १५० मिमीत फरक ०.०१ मिमीच्या आत आला. लेव्हल बरोबर असूनही टेपर राहिला, तर हेडस्टॉक किंवा झीज. मग ग्राइंडिंगचा विचार करायला हरकत नाही.

ही काही माझी शक्कल नाही. बर्लिनमध्ये गेओर्ग श्लेझिंगर यांनी १९२७ मध्ये मशीन टूल्स स्वीकारण्याआधी कशी तपासावीत याच्या चाचण्या लिहून काढल्या, आणि नंतरची मानकं त्याच वाटेने गेली.

पुण्यात एक काळजी जास्तीची. पार्किंगमधली किंवा तळमजल्यावरची फरशी पावसाळ्यात थोडी बसते, त्यामुळे दिवाळीच्या आसपास चाचणी पुन्हा करा. पावसाळ्यातल्या सकाळी थंड बिडावर दमट हवेचं पाणी धरतं, म्हणून रोज काम संपलं की कीस पुसा आणि बेडवर तेलाचा पातळ थर द्या. गंज दिसला म्हणून पॉलिश पेपर बेडवर चालवू नका. त्याचे कण मागे राहतात आणि कॅरेजखाली तेच बेड खातात. तेल लावून बारीक स्टील वूलने हलक्या हाताने काढा आणि नीट पुसून घ्या.

तुमचे तीन कॉलरचे आकडे काय आले ते नक्की कळवा. पुढच्या भागात क्रॉस-स्लाइडची गिब आणि तिचा बॅकलॅश घेऊ. भेटूच.