काळ्या खडकाचा किनारा

इंग्लंडच्या नकाशावर पूर्व किनाऱ्याने बोट फिरवीत उत्तरेकडे जावे, म्हणजे अगदी शेवटी, स्कॉटलंडच्या सीमेला लागून, नॉर्दंबरलंड नावाचा परगणा लागतो. याच्या पूर्वेस उत्तर समुद्र पसरलेला आहे. जुलै महिन्याच्या अखेरीस तेथील शाळांना उन्हाळ्याची मोठी सुटी लागते आणि अनेक कुटुंबे मुलाबाळांसह या किनाऱ्याकडे धाव घेतात. उन्हाळा म्हटला तरी समुद्राचे पाणी अंग शहारून टाकण्याइतके थंड असते. वाराही बोचरा असतो. तरी मुले त्याची पर्वा करीत नाहीत. लहानशी बादली आणि फावडे घेऊन ती ओल्या वाळूत बसतात व बुरूज, तट, खंदक रचू लागतात. दिवाळीत आपल्या अंगणात मातीचे किल्ले उभे राहतात, तसे तेथे वाळूचे किल्ले उभे राहतात. आणि मान वर करून पाहिले, तर समोरच्या खडकावर खराखुरा किल्ला उभा असतो!

या किनाऱ्यावर इतके किल्ले का, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे एक उत्तर इतिहासात आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड ही पूर्वी दोन स्वतंत्र राज्ये होती व त्यांच्यामध्ये शतकानुशतके लढाया चालत. सीमेवरच्या या मुलखाला सदैव सावध राहावे लागे. दुसरे उत्तर मात्र जमिनीच्या पोटात आहे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त रस वर चढला. पण तो पृष्ठभागावर आला नाही. खडकांच्या थरांमध्ये तो आडवा शिरला आणि तेथेच हळूहळू थिजला. त्यापासून अतिशय कठीण, काळसर असा दगड तयार झाला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही अग्नीपासूनच जन्मला आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे तो रस जमिनीवर येऊन पसरला आणि तोही फार नंतरच्या काळात. पुढे नॉर्दंबरलंडमधील भोवतालचे मऊ दगड वाऱ्यापावसाने झिजून गेले. काळा खडक मात्र उभा राहिला. त्याचे कडे जमिनीवर आहेत, तसे त्याचे सुळके समुद्रातही डोके वर काढून बसले आहेत. जमिनीवरील कड्यांनी राजांना आसरा दिला; समुद्रातील सुळक्यांनी शेकडो गलबतांचा घात केला. एकाच खडकाची ही दोन रूपे ध्यानात ठेवून आपण हा किनारा पाहू या. त्याच्या दोन बाजूंना दोन किल्ले आहेत आणि मध्ये तिसरा. आधी बाजूचे दोन पाहू. मग मधल्याकडे वळू.

दक्षिणेकडे क्रॅस्टर नावाचे कोळ्यांचे छोटेसे गाव आहे. तेथून समुद्राच्या काठाने हिरवळीवरून सुमारे दोन किलोमीटर चालत गेले, की डन्स्टनबरोचे भग्न बुरूज दिसू लागतात. तेथे मोटार जात नाही. प्रत्येकाला पायीच जावे लागते. लँकेस्टरचा सरदार टॉमस याने इ. स. १३१३ मध्ये या किल्ल्याचे काम सुरू केले. तो राजा दुसरा एडवर्ड याचा चुलतभाऊ. परंतु दोघांमध्ये हाडवैर माजले होते. राजाशी बिनसले तर आपल्याला सुरक्षित जागा असावी, म्हणून त्याने दूर उत्तरेत हा प्रचंड कोट उभारला. पण वेळ आली तेव्हा किल्ला दूरच राहिला. १३२२ साली लढाईत टॉमस पकडला गेला आणि त्याचा शिरच्छेद झाला. ज्याने किल्ला बांधला त्याच्या तो उपयोगी पडला नाही. आज त्या पडक्या दरवाजापाशी मेंढ्या चरत असतात आणि खालच्या कड्यांच्या कपारींत समुद्रपक्षी घरटी करतात.

उत्तरेकडचा किल्ला लिंडिस्फार्न नावाच्या बेटावर आहे. हे बेट मोठे चमत्कारिक आहे. ते दिवसातून दोनदा बेट असते आणि दोनदा नसते! ओहोटीच्या वेळी त्याच्याकडे जाणारा रस्ता मोकळा होतो. भरती आली, की तोच रस्ता पाण्याखाली जातो. मुंबईच्या हाजीअलीची वाट ज्यांनी पाहिली असेल, त्यांना याची कल्पना येईल. चंद्राच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी चढते व उतरते, आणि भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातील कोळी तिथीवरून भरतीची वेळ सांगतो. लिंडिस्फार्नला जाणारा प्रवासी छापील वेळापत्रक पाहून निघतो. तरीही काही उतावळे लोक अडकतातच. त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर एक लाकडी खोली बांधून ठेवली आहे. मोटार सोडून शिडीने त्या खोलीत चढावे आणि पाणी ओसरेपर्यंत आपल्या घाईचा विचार करीत बसावे!

या बेटावर इ. स. ६३५ मध्ये एडन नावाच्या साधूने ख्रिस्ती मठ स्थापन केला. सुमारे इ. स. ७०० च्या सुमारास येथे सिद्ध झालेली बायबलमधील शुभवर्तमानांची चित्रमय हस्तलिखित पोथी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवली आहे. ७९३ साली समुद्रापलीकडून आलेल्या व्हायकिंग लुटारूंनी हा मठ लुटला. पुढे सोळाव्या शतकात मठ बंद झाला व त्याचे दगड काढून बेटावरच्या काळ्या खडकावर एक छोटा किल्ला बांधण्यात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी एका धनिकाने तो विकत घेतला आणि त्याचे राहत्या घरात रूपांतर करण्याचे काम एडविन ल्युटेन्स या वास्तुशिल्पज्ञाकडे सोपविले. हे नाव आपल्याला परके नाही. नवी दिल्लीतील राष्ट्रपती भवनाची रचना याच ल्युटेन्सने पुढे केली. किल्ल्याच्या पायथ्याशी हेरिंग मासे पकडणाऱ्या जुन्या होड्या पालथ्या घालून त्यांच्या कोठारवजा खोल्या केल्या आहेत. निरुपयोगी झालेली होडीसुद्धा तेथील लोकांनी वाया जाऊ दिली नाही.

आता या दोहोंच्या मध्ये असलेल्या बॅमबरो या किल्ल्याकडे येऊ. हाच या किनाऱ्याचा खरा राजा. समुद्रसपाटीपासून सुमारे ४५ मीटर उंच अशा काळ्या खडकावर तो पसरला आहे. इ. स. ५४७ पासून येथे राजांचे ठाणे होते, असे जुन्या बखरी सांगतात. बेब्बा नावाच्या राणीवरून या ठिकाणाला नाव मिळाले. त्याचेच पुढे बॅमबरो झाले. अनेक शतके शत्रू येत, वेढा घालीत आणि बहुधा निराश होऊन परत जात. भाल्यांनी आणि बाणांनी त्या खडकाचे काय होणार?

परंतु १४६४ साली नवेच शस्त्र आले. इंग्लंडच्या गादीसाठी दोन राजघराण्यांत युद्ध पेटले होते. राजा चौथा एडवर्ड याच्या सैन्याने किल्ल्यासमोर तोफा आणून उभ्या केल्या. दगडी तट ढासळू लागले आणि बॅमबरो पडला. तोफांच्या माऱ्याने जिंकला गेलेला इंग्लंडमधील पहिला किल्ला म्हणून त्याचे नाव इतिहासात राहिले. त्या दिवशी एका किल्ल्याबरोबरच एका युगाचाही शेवट झाला. उंच भिंत म्हणजे सुरक्षितता, हा हजारो वर्षांचा विश्वास तोफेने खोटा ठरविला. पुढे किल्ल्याकडे दुर्लक्ष झाले व तो ओस पडला.

तथापि बॅमबरोची कथा येथे संपत नाही. किंबहुना तिचा अधिक सुंदर भाग येथूनच सुरू होतो. अठराव्या शतकात हा किल्ला एका धर्मादाय निधीच्या ताब्यात आला आणि त्याचा कारभार डॉ. जॉन शार्प या धर्मोपदेशकाकडे आला. या सत्पुरुषाने ओसाड किल्ल्याची डागडुजी केली. गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. रोग्यांसाठी दवाखाना उघडला. महागाईच्या दिवसांत स्वस्त दराने धान्य देण्याची सोय केली. पण त्याचे लक्ष समुद्राकडेही होते. किल्ल्याच्या समोरच फार्न बेटे आहेत. ही बेटे म्हणजे त्याच काळ्या खडकाची पाण्यातली टोके. भरतीला त्यांतील कित्येक दिसेनाशी होतात, आणि न दिसणारा खडक हा नाविकाचा सर्वांत मोठा वैरी होय. वादळी रात्री किनाऱ्यावर घोडेस्वार गस्त घालतील, अशी व्यवस्था डॉ. शार्पने केली. धुके पडले, की किल्ल्यावरून घंटा वाजे आणि तोफ डागली जाई. गलबत फुटून वाचलेल्या खलाशांसाठी किल्ल्यात बिछाने तयार असत. १७८६ साली तर त्याने खास बनावटीची, सहजासहजी न बुडणारी जीवनरक्षक होडी येथे आणून ठेवली. अशी होडी ठेवण्याची जगातील ही अगदी आरंभीची व्यवस्था होय.

ज्या किल्ल्याचे तट एकदा तोफेने पाडले, त्याच किल्ल्यावरून आता तोफ वाजत होती ती माणसे वाचविण्यासाठी! खडक तोच, तट तेच, तोफही तीच. बदलला होता तो माणसाचा हेतू.

बॅमबरोपासून जवळच सीहाउसेस नावाचे बंदर आहे. सुटीतली खरी गजबज येथे आढळते. हेरिंग मासा उभा चिरून, मिठात मुरवून, ओक वृक्षाच्या भुशाच्या धुरावर टांगून ठेवतात. त्याला ‘किपर’ म्हणतात. त्याचा खमंग वास धूरघरातून येत असतो. धक्क्यावर बसून पर्यटक तळलेला मासा आणि बटाट्याचे काप खातात. आणि त्यांचे लक्ष जरा चुकले, की कुरव नावाचे धीट समुद्रपक्षी वरून झडप घालून घास पळवितात. येथूनच फार्न बेटांकडे होड्या जातात. तेथे वसंतात व उन्हाळ्यात रंगीत चोचीचे पफिन पक्षी बिळांत अंडी घालतात आणि शरद ऋतूत करड्या सीलांची पिले जन्मतात. कथ्बर्ट नावाच्या साधूने सातव्या शतकात या बेटांवर एकांतवास केला. पक्ष्यांना कोणी इजा करू नये असा नियम त्याने घालून दिला, अशी परंपरागत कथा आहे.

या बेटांच्या बाहेरच्या टोकाला लाँगस्टोनचा दीपस्तंभ आहे. १८३८ साली विल्यम डार्लिंग हा तेथील रखवालदार होता. बॅमबरोत जन्मलेली त्याची मुलगी ग्रेस त्या वेळी २२ वर्षांची होती. ७ सप्टेंबरच्या पहाटे भयंकर वादळात ‘फॉर्फरशायर’ नावाची आगबोट बॉयलर बिघडल्याने वाहवत येऊन खडकावर आदळली आणि दुभंगली. बोटीवर सुमारे ६० माणसे होती. त्यांपैकी ४० हून अधिक बुडाली. उजाडताना खिडकीतून पाहणाऱ्या ग्रेसला दूरच्या खडकाला चिकटून राहिलेली काही माणसे दिसली. अशा वादळात किनाऱ्यावरून मदत वेळेवर येणे कठीण, हे बापलेकींनी ओळखले. ती दोघे साध्या वल्ह्यांच्या होडीत बसली व खडकांचा आडोसा घेत सुमारे दीड किलोमीटर वल्हवीत गेली. विल्यम खडकावर उतरला. तो लोकांना धीर देऊन उतरवून घेत असता ग्रेस एकटीच होडीत होती. लाटा होडीला खडकावर आपटू पाहत होत्या आणि ती दोन्ही हातांनी वल्ही मारून तिला सावरीत होती. होडी एकदा फुटली असती, तर सारेच संपले असते. पहिल्या खेपेत पाच जण आले. त्यांत आपली दोन लेकरे गमावलेली एक माताही होती. ग्रेस त्यांच्या शुश्रूषेला लागली. वाचलेल्या खलाशांना बरोबर घेऊन विल्यम पुन्हा गेला व उरलेल्या चौघांना घेऊन आला. थोड्या वेळाने सीहाउसेसचे कोळीही होडी घेऊन खडकापर्यंत पोहोचले. त्यांत ग्रेसचा भाऊ होता.

ही वार्ता देशभर पसरली. राणी व्हिक्टोरियाने ग्रेसला ५० पौंड पाठविले, रौप्यपदक मिळाले, चित्रकार तिची चित्रे काढण्यासाठी बेटावर येऊ लागले. ग्रेस मात्र दीपस्तंभ सोडून गेली नाही. १८४२ साली, अवघ्या २६ व्या वर्षी, क्षयाने तिचे निधन झाले. ज्या होडीतून ती गेली, ती होडी आज बॅमबरोच्या संग्रहालयात आहे.

बॅमबरोचा किल्ला १८९४ मध्ये लॉर्ड आर्मस्ट्राँग या कारखानदाराने विकत घेऊन नव्याने बांधून काढला. योगायोग असा, की तोही तोफा तयार करण्याबद्दल प्रसिद्ध होता. आज तिकीट काढून कोणीही त्या किल्ल्यात जाऊ शकतो. आणि सीहाउसेसच्या बंदरात आजही जीवनरक्षक होडी सज्ज असते. १८२४ साली स्थापन झालेली एक राष्ट्रीय संस्था लोकांच्या देणग्यांवर अशी केंद्रे चालविते. तिच्या होड्यांवरील बहुतेक माणसे स्वयंसेवक असतात. कोणी कोळी, कोणी दुकानदार, कोणी शिक्षक; पण सूचना मिळताच हातातले काम टाकून ती बंदराकडे धावतात. या संस्थेने आजवर १,४०,००० हून अधिक जीव वाचविले आहेत.

राजांनी बांधलेले तट पाहण्यासाठी प्रवासी या किनाऱ्यावर येतो. परत जाताना त्याच्या मनात राहते ती एक साधी होडी आणि ती सावरून धरणारे दोन हात. बॅमबरोच्या चर्चच्या आवारात ग्रेस डार्लिंगचे स्मारक आहे. ते मुद्दाम अशा जागी उभारले आहे, की समोरच्या समुद्रातून जाणाऱ्या खलाशाला ते आपल्या जहाजावरून दिसावे.