नवजात बाळाची एंडोस्कोपी: कधी करायची, कधी नाही?

आमच्या जर्नल क्लबमध्ये नवजात बाळांच्या एंडोस्कोपीवर एक पेपर होता. सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "दुर्बिणीतून जे दिसेल, त्याने उपचार बदलणार आहेत का?" मी गप्प! आजची पोस्ट त्याच प्रश्नावर.

या तपासणीत तोंडातून कॅमेरा असलेली लवचीक नळी घालून अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात बघतात. मोठ्यांची नळी साधारण ९-१० मिलिमीटर जाड असते, बाळाला ६ मिलिमीटरपेक्षा बारीक लागते. तरी धोका राहतोच. मऊ श्वासनळी दाबली जाऊ शकते, पोटात सोडलेल्या हवेने श्वासपटल वर ढकललं जातं.

उदाहरण घेऊ. दोन दिवसांच्या बाळाने रक्ताची उलटी केली. लगेच एंडोस्कोपी? नाही. आधी बाळ स्थिर आहे ना, जन्मानंतर व्हिटॅमिन के दिलं होतं ना, हे बघतात. मग रक्त कुणाचं? १९५५ मध्ये ॲप्ट आणि डाउनी यांनी यासाठी सोपी चाचणी मांडली. अल्कली घातल्यावर बाळाचं हिमोग्लोबिन गुलाबी राहतं, आईचं पिवळट-तपकिरी होतं. म्हणजे प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनाग्राच्या भेगांमधून आलेलं आईचं रक्त बाळाने गिळलंय. प्रश्न मिटला. (रक्त ताजं, लाल हवं; काळं पडलेलं चालत नाही.)

रक्त बाळाचंच असेल आणि स्राव मोठा असेल किंवा थांबत नसेल, तेव्हा मात्र एंडोस्कोपीचा विचार होतो.

उलटी हिरवी असेल तर? आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. तिथे कॉन्ट्रास्ट एक्स-रे आणि सर्जन तातडीने हवेत. एंडोस्कोपीत वेळ घालवणं जिवावर बेतू शकतं. जठराचं तोंड जाड होऊन अडलंय अशी शंका असेल तर सोनोग्राफी पुरते. आणि वजन नीट वाढणाऱ्या बाळाने दूध पिऊन थोडं बाहेर काढलं, तर यातलं काहीच लागत नाही.

आता आपल्या कामाचा मुद्दा. समजा पेपरमध्ये लिहिलंय, "बहुतेक बाळांच्या जठरात सूज सापडली." पण दुर्बीण घातली कुणाला? आधीच आजारी असलेल्यांना! हा आकडा सगळ्या नवजात बाळांना लावता येणार नाही. म्हणून पेपर वाचताना निष्कर्षाच्या आधी 'कोणाला निवडलं' ते वाचा. मी आता तिथूनच सुरुवात करते.