मुलाच्या मनांतली पृथ्वी

पृथ्वी गोल आहे, हें आमच्या सहा वर्षांच्या चिरंजीवांस आम्हीं मोठ्या हौसेनें सांगितलें. त्यांनीं मान डोलावली व पाटीवर वर्तुळही काढलें. आम्हांस धन्यता वाटली! 'मग आपण कोठें राहतों?' असें विचारतांच त्यांनीं वर्तुळाच्या आंत मधोमध आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर घर, झाड व आजी काढली. आम्ही मोठ्यानें हंसलों. चिरंजीवांनीं पाटी पुसली, आणि पुढें कित्येक दिवस आमच्याजवळ तो विषय काढला नाहीं.

हंसण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, हें मागाहून कळलें. १९९२ सालीं स्टेला वोस्नियादू व विल्यम ब्रूअर ह्या मानसशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील ६० शाळकरी मुलांस असेच प्रश्न विचारून त्यांचीं उत्तरें प्रसिद्ध केलीं. कांहींची पृथ्वी थाळीसारखी चपटी होती. कांहींची पोकळ चेंडूसारखी, आंत सपाट जमीन व तिच्यावर माणसें. हुबेहूब आमच्या पाटीवरचें चित्र! कांहींनीं तर दोन पृथ्व्या मानल्या, पायांखालची सपाट आणि आकाशांतली गोल.

हीं उत्तरें वेडगळ नव्हेत. जमीन सपाट दिसते आणि आधार सुटलेली वस्तु खालीं पडते, हें मूल रांगूं लागल्यापासून अनुभवीत असतें. नवें वाक्य त्यास ह्या अनुभवांशेजारींच कोठें तरी बसवावें लागतें. त्यांत आपली भाषाही घोटाळा करते. भाकरी गोल आणि लाडूही गोल! हैदराबादेच्या मुलांचा असाच अभ्यास १९९६ सालीं प्रसिद्ध झाला; त्यांतील पुष्कळांनीं पृथ्वी पाण्यावर टेकविली होती. घरीं ऐकलेल्या जुन्या कल्पना तेथें उपयोगीं पडल्या असाव्यात. आधार तर हवाच ना?

शेवटीं आम्हीं एक पपनस आणून त्यावर मुंगी सोडली. ती खालच्या बाजूस गेली तरी पडली नाहीं. आम्ही विजयी मुद्रेनें पाहूं लागलों, तों चिरंजीव म्हणाले, "बाबा, तिचे पाय चिकटतात. माझे कुठे चिकटतात?"

ओळखीचा दृष्टान्त दिला कीं त्याबरोबर त्याचे दोषही येतात, हें आमच्या ध्यानांतच आलें नव्हतें. मग मुंगी सोडून दिली. पपनसाच्या चारी बाजूंस माणसें काढलीं, आणि प्रत्येकाचें 'खालीं' हें फळाच्या मध्याकडेच असतें, असें बाणांनीं दाखविलें. चिरंजीवांनीं तें फळ बराच वेळ हातांत फिरविलें. मग म्हणाले, "पाटी द्या."